विश्लेषण : लेण्यात अर्धनारीश्वर, मग चौकात कोण? वेगळ्या देहांना सार्वजनिक शिल्पांत जागा मिळेल का?

नागपूरहून भंडाऱ्याकडे निघाले की शहर येण्याआधी जवाहरनगर लागते. आयुध निर्माणीची ही वसाहत. या वाटेवर काय, विदर्भातल्या कुठल्याही रस्त्यावर काय, चौकाचौकांत पुतळे भेटतात. घोड्यावरचे छत्रपती शिवाजी महाराज, हातात संविधान घेतलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर, काठी टेकत निघालेले महात्मा गांधी. या पुतळ्यांमुळे गावाला आपली ओळख मिळते. पण स्त्री आणि पुरुष या दोन चौकटींत न बसणारी माणसेही याच रस्त्यांवरून जातात. त्यांचे शिल्प चौकात दिसत नाही. जून महिना जगभर ‘प्राइड’ महिना म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने हा प्रश्न समजून घेऊ. याचे एक उत्तर परदेशात सापडते, तर दुसरे त्याहून कितीतरी जुने आणि आपल्याच राज्यातले आहे.

‘क्वीअर’ म्हणजे कोण? वेगळे देह म्हणजे काय?

‘क्वीअर’ हा मूळ इंग्रजी शब्द एकेकाळी हिणवण्यासाठी वापरला जाई. नंतर ज्यांना हिणवले गेले, त्यांनीच तो अभिमानाने स्वीकारला. समलिंगी, उभयलिंगी आकर्षण असणारे, तृतीयपंथी, पारलिंगी अशा अनेकांसाठी तो आज एकत्रितपणे वापरतात. यातला प्रत्येक शब्द वेगळी गोष्ट सांगतो. कोणाविषयी आकर्षण वाटते हा एक भाग झाला आणि स्वतःला स्त्री, पुरुष की आणखी काही मानतो हा दुसरा. समलिंगी पुरुष हा पुरुषच असतो. पारलिंगी स्त्री जन्मताच पुरुष म्हणून नोंदली गेलेली असते, पण ती स्वतःला स्त्री म्हणून ओळखते.

शिल्पाच्या संदर्भात ‘वेगळा देह’ याचा अर्थ आणखी रुंद आहे. ठेंगणा, स्थूल, अपंग, वृद्ध असा कुठलाही देह त्यात येतो. पुतळ्यासाठी पिळदार आणि प्रमाणबद्ध मानल्या गेलेल्या साच्यात जो बसत नाही, तो वेगळा देह.

घारापुरीच्या शिल्पात नेमके काय आहे?

मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियाहून बोटीने सुमारे तासाभरात घारापुरी बेट गाठता येते. इथली मुख्य लेणी साधारण सहाव्या शतकाच्या मध्यातली मानली जातात. १९८७ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा स्थळांच्या यादीत घेतले. बहुतेक पर्यटक समोरच्या भव्य त्रिमुखी सदाशिवापुढे थांबतात, छायाचित्र काढतात आणि परततात. त्याच मूर्तीच्या डाव्या हाताला, म्हणजे पाहणाऱ्याच्या डावीकडे, अर्धनारीश्वराचा शिल्पपट आहे. त्यातली मुख्य आकृती पाच मीटरच्या आसपास उंच आहे.

ही आकृती उजवीकडून शिव आणि डावीकडून पार्वती आहे. एका बाजूला सपाट, रुंद छाती आणि दुसऱ्या बाजूला भरलेला स्तन. एका बाजूचा नितंब सरळ, दुसऱ्या बाजूचा बाहेर झुकलेला. पार्वतीच्या बाजूच्या हातात आरसा आहे. शिवाच्या बाजूचा हात नंदीच्या मस्तकावर विसावला आहे. घरच्या जनावराला टेकून उभे राहावे, तसा सैलपणा त्या हातात आहे. चेहरा मात्र एकच आहे. तो मधोमध कापून जोडल्यासारखा वाटत नाही. नजर खाली झुकलेली आणि मुद्रा शांत आहे. दोन देह कुठे जुळले ती रेघ शोधू गेले तर सापडत नाही.

भोवतालची गर्दीही बघण्यासारखी आहे. हंसांच्या आसनावरचा ब्रह्मदेव, गरुडावरचा विष्णू, ऐरावतावरचा इंद्र, वर उडणारे गंधर्व, खाली सेवक. सारे देवलोक हा देह पाहायला जमले आहे. त्यात कुणी हसत नाही, तोंड फिरवत नाही. चौदाशे वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी या देहाला लेण्यातल्या सर्वात महत्त्वाच्या मूर्तीच्या शेजारी, येणाऱ्या-जाणाऱ्या सर्वांना दिसेल अशी जागा दिली.

तो देव झाला, माणसांचे काय?

इथे सावध राहायला हवे. अर्धनारीश्वर हे आजच्या अर्थाने तृतीयपंथी व्यक्तीचे शिल्प नव्हे. शिव आणि शक्ती वेगळे नाहीत, हा त्यामागचा धर्मविचार आहे. त्याच्या नावात ‘ईश्वर’ पुरुष आहे आणि नारी ‘अर्धी’ आहे, याकडेही अनेक अभ्यासकांनी लक्ष वेधले आहे. तरीही तृतीयपंथी समाजातले अनेक जण या रूपात स्वतःला पाहतात. त्यांना दुसरे कुठलेच सार्वजनिक रूप मिळालेले नाही, हे त्याचे एक कारण.

अडचण वेगळीच आहे. देवळात आपण जो देह पुजतो, तोच देह सिग्नलला काचेवर टकटक करू लागला की काच वर करतो. नेवाशात मोहिनीराजापुढे हात जोडतो. विठ्ठलाला ‘माउली’ म्हणतो आणि बाप्यालाही आई होता येते हे मान्य करतो. महाभारतातल्या अज्ञातवासात अर्जुन बृहन्नडा होऊन राजकन्येला नृत्य शिकवतो, ही गोष्ट आजी नातवंडांना सांगते. चिखलदऱ्याला गेलेल्या पर्यटकाला भीमाने कीचकाला मारून दरीत फेकल्याची कथा रंगवून ऐकवली जाते. त्याच विराटनगरीत बृहन्नडाही होती, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. शौर्य लक्षात राहते आणि वेगळेपण गळून पडते. पुतळ्यांच्या बाबतीतही आपण हेच केले आहे.

विदर्भाच्या मातीत काय सापडते?

फार लांब जायला नको. रामटेकजवळच्या मनसर इथे वाकाटक काळातले, म्हणजे साधारण पाचव्या शतकातले अवशेष सापडले. तिथे १९७२ मध्ये मिळालेली एक मूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ‘मनसरचा शिव’ म्हणून ती ओळखली जाते. हा शिव तपस्वी किंवा पिळदार नाही. ठेंगणा बांधा, सुटलेले पोट, गुबगुबीत दंड आणि चेहऱ्यावर प्रसन्न हसू, असा तो निवांत बसला आहे. ही नेमकी शिवाची मूर्ती की त्याच्या गणाची, यावर अभ्यासकांत चर्चा आहे. शिल्पकाराला त्या देहाची लाज वाटली नव्हती, हे मात्र पाहताक्षणी कळते.

विदर्भात आणि मराठवाड्यात लज्जागौरीच्या मूर्तीही सापडल्या आहेत. डोक्याच्या जागी कमळ आणि प्रसूतीच्या स्थितीतला उघडा देह, असे तिचे रूप. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरची लज्जागौरी प्रसिद्ध आहे. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी या मातृदेवतेवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. ज्याला आज कुणी अश्लील म्हणेल, तो देह त्या काळी नवस बोलायचा, मूल मागायचा, हळदकुंकू वाहायचा होता. थोडक्यात, चौकटीबाहेरचा देह दगडात कोरणे ही पाश्चात्त्यांची आयात नाही. तो चौकातून हद्दपार होणे हीच अलीकडची गोष्ट आहे.

न्यूयॉर्कच्या बागेत काय घडले?

आधुनिक काळातले सर्वात बोलके उदाहरण अमेरिकेतले आहे. २८ जून १९६९ रोजी न्यूयॉर्कमधल्या ‘स्टोनवॉल इन’ या बारवर पोलिसांनी छापा घातला. तिथल्या समलिंगी आणि पारलिंगी लोकांनी प्रतिकार केला. समान हक्कांच्या चळवळीतला तो टप्पा मानला जातो. दहा वर्षांनी, १९७९ मध्ये, त्याच्या स्मरणार्थ शिल्प करण्याचे काम जॉर्ज सेगल या शिल्पकाराकडे आले. पैसे देणाऱ्या निधीच्या अटी वेगळ्या होत्या. शिल्पात प्रेम आणि काळजी दिसली पाहिजे, स्त्रिया आणि पुरुष समसमान असले पाहिजेत आणि ते सार्वजनिक जागेत उभे राहिले पाहिजे.

सेगल यांची पद्धतही पाहण्यासारखी होती. हाड मोडल्यावर डॉक्टर लावतात तशा प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या ते जिवंत माणसाच्या अंगावर गुंडाळत आणि वाळल्यावर साचा काढून घेत. त्यामुळे त्यांच्या आकृत्यांत वीरांची ऐट नसते. खऱ्या माणसाच्या खांद्याचा उतार आणि कपड्यांच्या सुरकुत्या असतात. ‘गे लिबरेशन’ नावाच्या या शिल्पात चार माणसे आहेत. दोन पुरुष उभे आहेत आणि एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर आहे. दोन स्त्रिया बाकावर बसल्या आहेत आणि एकीने दुसरीच्या मांडीवर हात ठेवला आहे. बस्स, इतकेच. घोषणा, फलक, मशाल काही नाही.

या इतक्या साध्या शिल्पाला जागा मिळायला बारा वर्षे लागली. न्यूयॉर्कमध्ये स्थानिकांचा विरोध झाला. १९८४ मध्ये त्याची एक प्रत कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात बसवली, तर काही आठवड्यांत तिच्यावर हातोड्याचे घाव पडले. दुसरी प्रत काही वर्षे विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन शहरात राहिली. अखेर जून १९९२ मध्ये ती न्यूयॉर्कच्या ख्रिस्तोफर पार्कमध्ये, स्टोनवॉलच्या समोर बसली. आज लोक त्या दगडी बायकांशेजारी बाकावर बसून डबा खातात, असे म्हणायचा मोह होईल. पण त्या दगडाच्या नाहीत, पांढरा रंग दिलेल्या ब्राँझच्या आहेत.

वाद तिथेही संपला नाही. स्टोनवॉलच्या लढ्यात पुढे असलेल्या कृष्णवर्णीय आणि लॅटिन पारलिंगी स्त्रियांना या पांढऱ्या शिल्पात जागा कुठे, असा सवाल झाला. २०१५ मध्ये काही कार्यकर्त्यांनी आकृत्यांचे चेहरे रंगवले. २०२१ मध्ये त्याच बागेत मार्शा पी. जॉन्सन यांचा अर्धपुतळा बसवण्यात आला. शिल्प उभे राहिले म्हणजे प्रश्न सुटला असे होत नाही. कोण राहून गेले, हे त्यानंतर दिसू लागते.

इतर देशांनी काय केले?

ॲमस्टरडॅममध्ये १९८७ साली कालव्याकाठी गुलाबी ग्रॅनाइटचे तीन त्रिकोण बसवले गेले. नाझी छळछावण्यांत समलिंगी पुरुषांच्या कपड्यांवर गुलाबी त्रिकोण शिवला जाई. त्या अपमानाच्या खुणेचे त्यांनी स्मारक केले. बर्लिनमध्ये २००८ साली एक करडा काँक्रीटचा ठोकळा उभा राहिला. त्याच्या छोट्या खिडकीतून आत डोकावले की चुंबन घेणाऱ्या जोडप्याची चित्रफीत दिसते. मँचेस्टरमध्ये गणितज्ञ ॲलन ट्युरिंग २००१ पासून बागेतल्या बाकावर हातात सफरचंद घेऊन बसले आहेत. दुसऱ्या महायुद्धात शत्रूची सांकेतिक भाषा उलगडणाऱ्या या माणसाला पुढे समलैंगिकतेच्या गुन्ह्यात शिक्षा झाली होती.

लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात २००५ ते २००७ या काळात ॲलिसन लॅपर या चित्रकार स्त्रीचे संगमरवरी शिल्प होते. जन्मतःच हात नसलेली, पाय आखूड असलेली आणि गरोदर. सेनापती नेल्सनच्या स्तंभाच्या सावलीत ती बसली होती. युद्धात एक हात गमावलेला नेल्सन वीर ठरतो, मग जन्मतः हात नसलेली बाई का नाही, अशी चर्चा तेव्हा रंगली.

कोमलता इतकी महत्त्वाची का?

वेगळ्या देहांची दोनच चित्रे समाजाच्या मनात पक्की असतात, थट्टेचे आणि भीतीचे. सिनेमांनी दोन्ही जोपासली. यांना उत्तर म्हणून चौकात रागीट, मूठ उगारलेला पुतळा उभारता येईल. पण मग पाहणारा पुन्हा दोन पावले मागे सरकतो. खांद्यावरचा हात त्याला जवळ बोलावतो, कारण ती खूण त्याच्या ओळखीची असते.

मायेचे शिल्प मराठी माणसाला परके नाही. जिजाऊ आणि बाल शिवबा यांचे शिल्प आपण ठिकठिकाणी पाहतो. त्यात तलवारीइतकाच आईचा हात मोलाचा आहे. अलिबागजवळ सासवने इथल्या नानासाहेब करमरकर यांच्या शिल्पालयात कामकरी, कोळी अशा साध्या माणसांच्या आकृत्या तितक्याच जिव्हाळ्याने घडवलेल्या दिसतात. हाच जिव्हाळा आणखी काही देहांपर्यंत नेणे, एवढाच मुद्दा आहे.

हावडा-मुंबई मार्गावरच्या गाडीने भंडारा रोडला उतरणाऱ्या प्रवाशाला तृतीयपंथीयांची टाळी ओळखीची असते. दहाची नोट दिली की ती व्यक्ती डोक्यावर हात ठेवते. बारशाला, लग्नाला याच हाताचा आशीर्वाद शुभ मानतात. म्हणजे स्पर्श आहे, पण तो विकत घेतलेला, घाईचा. त्याच व्यक्तीने एसटी स्थानकाच्या बाकावर शेजारी बसायचे ठरवले, तर किती जण उठून जातात? सेगल यांच्या शिल्पातल्या बायका फक्त बसल्या आहेत. कुणी उठवणार नाही या खात्रीने बाकावर बसता येणे, हाच अनेकांसाठी न मिळालेला हक्क आहे.

कायदा कुठवर पोहोचला?

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी ‘नालसा’ खटल्यात तृतीयपंथी व्यक्तींची स्वतंत्र ओळख मान्य केली. या खटल्यात ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठीही पक्षकार होत्या. निकालपत्राने भारतीय पुराणकथांतल्या उल्लेखांची दखल घेतली होती. ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर आले. २०१९ मध्ये तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कसंरक्षणाचा कायदा झाला. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी मात्र समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास न्यायालयाने नकार दिला आणि तो निर्णय संसदेवर सोपवला.

२०११ च्या जनगणनेत ‘इतर’ या रकान्यात देशात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ जणांची नोंद झाली. २०१७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या तरंगफळच्या गावकऱ्यांनी ज्ञानेश्वर ऊर्फ माउली कांबळे या तृतीयपंथी व्यक्तीला थेट सरपंच निवडले. नागपुरातही ‘ऑरेंज सिटी’ नावाने प्राइड मिरवणूक निघते. कागदावर आणि मतपेटीत जागा मिळू लागली आहे. रस्त्यावरच्या दगड-धातूत ती अजून नाही. भित्तिचित्रांनी मात्र वाट काढली आहे. बेंगळूरुत २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘अरवणी आर्ट प्रोजेक्ट’मध्ये पारलिंगी स्त्रिया स्वतः भिंती रंगवतात आणि अनेक शहरांत त्यांची कामे दिसतात.

शिल्प उभारायचे तर नियम काय?

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये सार्वजनिक रस्ते, पदपथ अशा वाहतुकीच्या जागांवर नवे पुतळे उभारण्यास परवानगी देऊ नये, असे राज्यांना बजावले. त्यामुळे शब्दशः ‘चौकात’ पुतळा आता सोपा नाही. महाराष्ट्रात पुतळ्यासाठी प्रशासनाची परवानगी लागते. मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता घ्यावी लागते. जागेची मालकी, वाहतूक, कायदा-सुव्यवस्था आणि पुढची देखभाल हे सारे तपासले जाते.

ही कार्यपद्धती थोर व्यक्तींचे पुतळे डोळ्यांसमोर ठेवून आखलेली आहे. नाव नसलेल्या माणसांच्या मायेच्या शिल्पासाठी उद्यान, महाविद्यालयाचे आवार, ग्रंथालय, रुग्णालयाचे अंगण या जागा अधिक सोयीच्या. तिथे चबुतराही लागत नाही. जमिनीवर, बाकाच्या उंचीवर शिल्प ठेवता येते आणि लहान मूलही त्याला हात लावू शकते.

आक्षेप कोणते?

पहिला आक्षेप खर्चाचा. तृतीयपंथीयांना घर, शिक्षण, नोकरी हवी, पुतळा कशाला? हा आक्षेप रास्त आहे आणि समाजातूनही तो येतो. पण कुठल्याही समाजाला पुतळा आणि हक्क यांपैकी एकच निवडा, असे आपण सांगत नाही. बाबासाहेबांच्या पुतळ्याने गावकुसाबाहेरच्या वस्तीला शाळा दिली नसेल, पण मान वर करून चालायचे बळ दिले, हे महाराष्ट्राने पाहिले आहे.

दुसरा आक्षेप अश्लीलतेचा, मुलांवर काय परिणाम होईल याचा. खांद्यावरचा हात अश्लील नसतो. वर्गात ‘बायल्या’ म्हणून चिडवले जाणारे मूल मात्र प्रत्येक शाळेत असते आणि परिणाम त्याच्यावर रोज होतो. तिसरा आक्षेप सर्वात गंभीर आहे. शिल्प कोण ठरवणार? ज्यांचे शिल्प, त्यांनाच न विचारता ते झाले तर पुन्हा आशीर्वाद देणारी, टाळी वाजवणारी साचेबंद आकृती उभी राहील. माणूस तेवढा राहून जाईल.

भंडारा जिल्ह्याने कुठून सुरुवात करावी?

त्याचे उत्तर जिल्ह्यातच आहे. पवनीला जगन्नाथ टेकडीच्या उत्खननात दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा बौद्ध स्तूप सापडला. त्याच्या दगडी कठड्यावर ब्राह्मी लिपीत छोटे लेख आहेत आणि त्यांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. कुणी एक खांब दिला, कुणी एक आडवी शिळा. ते स्मारक एका राजाच्या आज्ञेने नव्हे, अनेकांच्या वर्गणीतून उभे राहिले.

जवाहरनगरसारख्या वसाहतीत देशभरातून आलेली कुटुंबे भिंतीला भिंत लावून राहतात. संध्याकाळी लोक बागेत फिरायला निघतात. अशा एखाद्या बागेत एक बाक, त्यावर बसलेल्या दोन आकृती आणि शेजारी एक मोकळी जागा, इतक्यानेही सुरुवात होऊ शकते. त्या मोकळ्या जागेवर येऊन कोण बसते आणि कोण तिथून उठून जाते, यावरून पुढचे बरेच काही ठरेल.